बिघाडाची भाषा कोणाच्या मालकीची?

भिवंडीत कल्याण नाक्याजवळच्या एका गॅरेजात परवा तासभर बसण्याचा प्रसंग आला. दुरुस्तीसाठी आलेली मोटार 2014 सालची, दोन हात फिरून आलेली. मालक एका सायझिंगमध्ये हिशेबनीस. समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. कंपनीच्या अधिकृत केंद्राने त्यांना सांगितले होते, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा बसवा, नाहीतर गाडी काढून टाका.’

तरुण मिस्त्रीने हजार-दीड हजारांचे यंत्र जोडले. संकेत उमटला : पी 0135. या संकेताचा अर्थ ‘सेन्सर निकामी’ असा नाही. सेन्सर तापवणाऱ्या तारेच्या मंडलात दोष आहे, एवढाच आहे. झिर्कोनियाचा हा सेन्सर सुमारे तीनशे अंशांवर तापल्याखेरीज नीट बोलतच नाही, म्हणून त्यात हीटर असतो. मिस्त्री गाडीखाली गेला. एक वायर धुराच्या नळीला टेकून वितळली होती आणि तिच्यामुळे फ्यूज उडाला होता. मल्टिमीटरने हीटर तपासला; तो शाबूत होता. नवी वायर, नवा फ्यूज, आणि दिवा विझला.

संकेत लक्षण सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. पी 0171 म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पण ते सेन्सरमुळे, फाटलेल्या हवेच्या नळीमुळे, की पेट्रोलचा पंप थकल्यामुळे? सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला फट पडली तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो, व्होल्टेज 0.1 च्या आसपास रेंगाळते आणि संगणक गरज नसताना पेट्रोल वाढवतो. अशा वेळी नवा सेन्सर बसवून मालकाचा पैसा जातो, पेट्रोल जाते आणि धूरही वाढतो. निदान हे डोक्याचे काम आहे. भाग बदलणे हा केवळ विक्रीचा व्यवहार आहे.

मग हे डोक्याचे काम करणाऱ्याच्या हातात साधने का नाहीत? सामान्य संकेत स्वस्त यंत्र वाचते. कंपनीचे खास संकेत, वायरिंगचे नकाशे, दुरुस्तीच्या पुस्तिका मात्र कुलुपात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना नेमक्या याच कारणासाठी सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला : स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे. पुढे काय झाले? स्थगिती, अपिले. डिसेंबर 2016 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने त्यांच्यातील तिघींच्या बाबतीत दोष कायम ठेवला, पण दंडाचा पाया सुट्या भागांच्या उलाढालीपुरता आक्रसला. 2022 साली केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे! त्याच वर्षी पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क मात्र 600 वरून 5,000 रुपयांवर गेले. जुनी गाडी ठेवणे महाग करायला सरकारला विलंब लागत नाही. ती दुरुस्त करणे सुलभ करायला लागतो.

आपल्यातील काही साथी म्हणतील, मोटार हा मध्यमवर्गाचा प्रश्न. पक्षाने एसटीबद्दल बोलावे. एसटीबद्दल बोललेच पाहिजे. पण गाडीखाली झोपलेला तो मिस्त्री कोणत्या वर्गाचा? मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग भिवंडीने विकत घेऊन, दुरुस्त करून वर्षानुवर्षे चालवले. त्या मागांच्या दुरुस्तीचे ज्ञान कारागिराच्या हातात होते, आणि त्यावर कोणाची मालकी नव्हती. (माल आणि नफा कोणाच्या हातात होता, हे वाचकांना सांगायला नको.) आज त्याच कारागिराच्या मुलाकडून ज्ञानाचेच भाडे वसूल केले जाते. अवजारांची मालकी भांडवलदाराकडे, हे आपण अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवत आलो. बिघाडाच्या भाषेचीही मालकी त्याच्याकडे जाईल, असे आम्हांला त्या काळी सुचले नव्हते.

ही माहिती देणे कायद्याने बंधनकारक करणे अशक्य नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली मतदारांनी मतपेटीतून मोटारदुरुस्तीचा हक्क मंजूर केला. आपल्या पक्षाने निदान एवढी मागणी करावी : संकेतांचे कोष, नकाशे आणि पुस्तिका कंपन्यांनी मराठी व हिंदीत, वाजवी दरात खुल्या कराव्यात, आणि भिवंडीसारख्या शहरांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत त्यांचे रात्रवर्ग निघावेत, जेणेकरून दिवसा गॅरेजात राबणाऱ्यांना ते गाठता येतील.