लसीची मुदत आणि वडीलधाऱ्यांची स्मरणवही

कोणाकडून किती येणे आहे आणि त्याची मुदत केव्हा भरते, हे वही न उघडता सांगणारे आजोबा आपल्या समाजात पुष्कळ आहेत. ती स्मरणशक्ती आता तान्ह्या बाळांच्या कामी यावी.

जन्मतः द्यावयाच्या लसी रुग्णालयातच होतात. पुढे 6, 10 व 14 आठवडे, 9 महिने, दीड वर्ष व 5 वर्षे असे टप्पे येतात. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. तीन महिन्यांनी लेक सासरी परतते आणि लसीकरणाचे कार्ड माहेरच्या कपाटात राहते. खंड पडतो तो येथे. नवव्या महिन्यात गोवराची लस असते. तेव्हाच दुकानात हंगाम असला, की ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणता म्हणता महिने उलटतात. गोवर मात्र मुदतवाढ देत नाही.

निवृत्त श्रावक-श्राविकांनी आपापल्या गल्लीतील तीन-चार घरे वाटून घ्यावीत. तारखेच्या दोन दिवस आधी फोन करावा, गरज पडल्यास आईसोबत केंद्रावर जावे. शासकीय केंद्रात या लसी विनामूल्य मिळतात. डोस चुकला म्हणून सुनेला बोल लावू नये. सर्व डोस पुन्हा पहिल्यापासून घ्यावे लागत नाहीत, राहिले तेथून पुढे चालू करता येतात. बाळाला बरे नसल्यास निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

वैयावृत्त्याला आपण अभ्यंतर तप मानतो. ज्याला अजून बोलताही येत नाही, त्याची तारीख लक्षात ठेवणे ही त्याच भावनेची सेवा होय.