वजन उतरले, हाडांचे काय?

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया ही आता केवळ धनिकांची मिरास राहिलेली नाही. विमा नियामकाच्या २०१९ च्या निकषांत बसणाऱ्या रुग्णास विम्याचा आधार मिळू शकतो. पेण-रोह्याचा नोकरदारही त्यासाठी मुंबईची वाट धरू शकतो. अनेकांचा मधुमेह तीमुळे आटोक्यात येतो, हे निर्विवाद आहे.

परंतु बायपास शस्त्रक्रियेनंतर अन्न लहान आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते, आणि कॅल्शियमचे सक्रिय शोषण मुख्यत्वे तेथेच होते. ही तूट शरीर हाडांतून भरून काढते; म्हणजे मुद्दलालाच हात लागतो. अस्थिभंगाचा धोका काही वर्षांनी डोके वर काढतो. म्हणूनच रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि नियमित तपासणी ही आजन्म गरज ठरते. कोकणची नाचणी कॅल्शियमयुक्त खरी. पण आक्रसलेल्या जठरात ती कितीशी मावणार?

विमा मुख्यत्वे रुग्णालयातील खर्च देतो; गोळ्यांचा भार जन्मभर घरखर्चावर पडतो. पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालयांनी अशा रुग्णांची नोंद ठेवून तपासणीची व औषधांची तजवीज करावी. मुंबईत उतरवलेल्या वजनाची किंमत गावी मोडलेल्या हाडाने चुकवावी लागू नये.