बटाट्याला औषध हवे की बेणे?



पूर्वहंगामी उसात बटाट्याचे आंतरपीक घेणारे सभासद गट कार्यालयात येतात ते बहुधा एकच मागणी घेऊन: मावा पडलाय, औषध उधारीवर द्या. आमचे मत जरा निराळे आहे. ते काहींना रुचणार नाही, तरी मांडतो.

मावा रस पितो त्यापेक्षा तो विषाणू वाहून नेतो, ही खरी गोम आहे. पाने गुंडाळणारा विषाणू पसरायला माव्याला बराच वेळ झाडावर बसावे लागते. तेवढ्यात औषधाने मावा मेला तर उपयोग होतो. 'वाय' विषाणूचे तसे नाही. सोंड टोचली की काही सेकंदांत रोग लागला. मावा मरतो मागाहून! मग औषधाची पावती, दोन गड्यांची मजुरी, पंपाचे पेट्रोल कशापायी? आठ-आठ दिवसांनी फवारा, असे पूर्वी आम्हीच सांगत होतो. ती चूक कबूल आहे.

काहींना अजून थायमेटची आठवण येते. त्यातल्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणी जुना डबा काढून दिला तरी घेऊ नका.

हंगामात उशिरा लागलेल्या रोगाने खाण्याच्या बटाट्याचे वजन फारसे घटत नाही. मार बसतो तो रोगट बेणे लावल्यावर. झाड उगवते तेच आजारी. सलग बटाट्याला एकरी सहा ते आठ क्विंटल बेणे लागते. खर्च मोठा, म्हणून घरचेच बारीक बटाटे ठेवायची आपली सवय. समजा किलोमागे दहा रुपये वाचले, तर सात क्विंटलला सात हजार. पण पंधरा क्विंटल माल कमी निघाला आणि भाव बाराच रुपये धरला, तरी अठरा हजार गेले. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालून बघा.

शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उत्तरेकडच्या मैदानात मावा कमी असतो त्याच दिवसांत बेणे पिकवायची पद्धत बसवली. शंभर पानांवर वीस मावे दिसू लागले की तिथे पाला कापून टाकतात. उसाचे बेणे दर तीन वर्षांनी बदला म्हणून आम्ही बेणेमळे करतो, ते तरी कशासाठी? २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा फवारणीवर किती पैसा ओतला, आणि शेवटी आवरला कोनोबाथ्रा, मायक्रोमस या मित्रकिडींनी. जुन्या सभासदांना ते आठवत असेल.

म्हणून आमचे म्हणणे असे की कारखान्याने उधारी औषधाला न देता बेण्याला द्यावी. मागणी एकत्र करून प्रमाणित बेणे शीतगृहातून थेट आणावे आणि वसुली ऊसबिलातून करावी. एकट्यादुकट्याने घेतले की काय होते ते आम्ही पाहिले आहे: पोत्यावर छाप पंजाबचा, आत माल शेजारच्या तालुक्यातला. प्रमाणित बेण्याच्या पोत्याला निळे लेबल असते. ते नसेल तर पोते उतरवून घेऊ नका.

हा विषय संचालक मंडळापुढे ठेवायचा आहे. किती गुंठ्यांत बटाटा घेणार, तेवढे ऑगस्टअखेर आपल्या गट कार्यालयात लिहून द्यावे.