बाबांना ब्लॉक का केलंस?



गेले पंधरा दिवस आमच्या घरात मी 'बापाला ब्लॉक करणारा मुलगा' म्हणून ओळखला जातोय. हा त्याचा जाहीर खुलासा. ज्यांनी माझ्यासारखाच हौसेनं घरचा मेल सर्व्हर थाटलाय, त्यांना यातून चार कामाच्या गोष्टीही मिळतील.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ३० नोव्हेंबर २०१७ ला इथे न्यूझीलंडात व्होडाफोननं आपली ई-मेल सेवा बंद केली. आयहग, पॅराडाइज वगैरे जुन्या नावांचे पत्ते वर्षानुवर्षं वापरणारी माणसं तेव्हा बँकेपासून डेंटिस्टपर्यंत सगळीकडे नवा पत्ता कळवत बसली होती. ते बघून मी ठरवलं की पत्ता आपल्या मालकीचा हवा. आडनावाचं डोमेन घेतलं, एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला, त्यावर पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट बसवलं. बायको म्हणाली, "जीमेल फुकट आहे ना?" मी तिला स्वावलंबनावर व्याख्यान दिलं. ते व्याख्यान आता माझ्यावर उलटलंय :-)

तर झालं असं. जुलैतल्या एका शनिवारी रात्री मी सर्व्हर नव्या मशीनवर हलवला. सगळं सुरू झाल्यावर चाचणी म्हणून स्वतःच स्वतःला एक मेल पाठवली. लगेच आली. मग बायकोच्या पत्त्यावर पाठवली, तीही आली. लॅपटॉप मिटून झोपलो.

पुढचे आठ-नऊ दिवस इनबॉक्स एकदम शांत होता. बँक, ऑफिस, मुलाची शाळा हे सगळं बायकोच्या त्याच फुकट जीमेलवर येतं. माझ्या डोमेनवर फक्त घरची माणसं आणि दोन-चार मित्र लिहितात. कोणी लिहिलं नसेल असं वाटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

दुसऱ्या रविवारी नेहमीसारखा घरी फोन लावला. हिवाळ्यात आपल्यात आणि भारतात साडेसहा तासांचं अंतर, म्हणजे आमची दुपार ही त्यांची सकाळ. आई बोलली, पण तुटक. बाबा फोनवर आलेच नाहीत, बागेत आहेत म्हणे. शेवटी आईला राहवलं नाही.

"अरे, बाबांना ब्लॉक का केलंस?"

मला काही कळेना. बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचे फोटो पाठवतात, पण महत्त्वाचं काही असलं की मेलच लिहितात. तीही जुन्या पत्रासारखी, 'चि. यास अनेक आशीर्वाद' पासून सुरुवात. या वेळी विषय गावच्या घराचा होता. काका ते विकायचं म्हणत होते आणि बाबांनी मला विचारलं होतं, 'तुझे मत काय ते सविस्तर कळव, तोवर मी थांबतो.' माझं मत त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं लेखी मागितलं होतं. पाठवल्या पाठवल्या जीमेलनं त्यांच्यासमोर ठळक अक्षरात मजकूर ठेवला: मेसेज ब्लॉक्ड. व्हॉट्सअ‍ॅपमुळे या शब्दाचा अर्थ आता सत्तरीच्या माणसालाही पक्का माहीत असतो. बाबांनी पुन्हा एकदा पाठवून पाहिलं. पुन्हा तेच. मग काकांना सांगून टाकलं, "त्याला यात रस दिसत नाही. तू म्हणशील तसं."

आईला म्हटलं, त्या मेलचा फोटो पाठव. खाली बारीक अक्षरात पूर्ण निदान लिहिलेलं होतं. ५५४, तुमचा सर्व्हर झेन डॉट स्पॅमहाउस डॉट ऑर्ग या यादीनुसार ब्लॉक. आणि त्यापुढे: एरर, ओपन रिझॉल्व्हर.

आता हे जरा उलगडून सांगतो. स्पॅमहाउसकडे स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी असते. मेल आली की आपला सर्व्हर डीएनएसमधून विचारतो, हा पत्ता यादीत आहे का? नसेल तर 'असं नावच नाही' असं उत्तर येतं. असेल तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यांपैकी एक आकडा येतो. पण हाच प्रश्न गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारला, तर नेमकं कोण विचारतंय हे स्पॅमहाउसला कळत नाही. फुकट सेवा मर्यादित वापरासाठी असल्यामुळे ते अशा वेळी १२७.२५५.२५५.२५४ हा आकडा देतात. त्याचा अर्थ 'तुम्ही चुकीच्या वाटेनं विचारताय', एवढाच. पोस्टफिक्सला मात्र वेगळं सांगितलेलं नसेल तर कुठलंही उत्तर म्हणजे 'यादीत आहे'. नव्या मशीनवर रिझॉल्व्हर ८.८.८.८ होता. म्हणजे माझा सर्व्हर नऊ दिवस येईल त्याला, अगदी जीमेललाही, दारातूनच हाकलत होता.

मग माझी चाचणी कशी पास झाली? मी पासवर्ड देऊन आत शिरलो होतो आणि माझ्याच सर्व्हरवरून माझ्याच सर्व्हरवर लिहिलं होतं. लॉगिन केलेल्याला ही तपासणी लागूच नव्हती. घरातल्या घरात हाक मारून दाराची बेल चालते असं मानण्यातला प्रकार.

ही चूक नवी नाही, एवढंच समाधान. ओआरडीबी नावाची अशीच एक यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी लोकांनी आपल्या सर्व्हरमधून तिचं नाव काढलं नाही. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक प्रश्नाला 'हो, यादीत आहे' म्हणू लागली आणि जगभरच्या त्या आळशी सर्व्हरांनी सगळीच मेल नाकारली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड रिझॉल्व्हर बसवला आणि पोस्टफिक्सच्या त्या ओळीत यादीच्या नावापुढे =१२७.०.०.[२..११] एवढं जोडलं, म्हणजे बाकीचे आकडे नकार धरले जाणार नाहीत. मग बाबांना मनापासून लांबलचक मेल लिहिली. घर विकू नका, निदान मी डिसेंबरात येईपर्यंत तरी थांबा, असं लिहिलं. लॉगमध्ये २५० ओके आलं. निश्चिंत झालो.

दोन दिवस उत्तर नाही.

मंडळी, २५० म्हणजे समोरच्या सर्व्हरनं पत्र ताब्यात घेतलं, इतकंच. ते इनबॉक्समध्ये गेलं की स्पॅममध्ये, हे त्यात येत नाही. माझ्या एसपीएफ नोंदीत अजून जुन्या मशीनचा आयपी होता. रिव्हर्स डीएनएसमध्ये भाड्याच्या कंपनीचं कसलंतरी आकड्यांचं नाव होतं. डीकेआयएमची सही तेवढी बरोबर होती, म्हणून पत्र निदान नाकारलं गेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं या गोष्टी छोट्या-मोठ्या सगळ्याच पाठवणाऱ्यांसाठी कडक केल्यात. नवा आयपी, त्यात कागदपत्रं अर्धवट. मग स्पॅममध्ये जाणारच.

शेवटी फोनच केला. बाबांना स्पॅमचा कप्पा उघडायला लावला, पत्र सापडलं, 'स्पॅम नाही' दाबायला सांगितलं. ते वाचेपर्यंत मी फोन धरून होतो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "आधी तू मला ब्लॉक केलंस, मग मी तुला स्पॅममध्ये टाकलं. फिट्टंफाट." त्यानंतर काकांना मी स्वतः फोन केला. ते डिसेंबरपर्यंत थांबायला तयार झालेत. पुढचं पुढे.

सर्व्हर हलवणार असाल तर एवढं करा. चाचणी बाहेरून आत आणि आतून बाहेर, दोन्हीकडून घ्या, आणि बाहेरची म्हणजे खरोखर परक्या पत्त्यावरून. एसपीएफ, डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस हे तिन्ही नव्या आयपीशी जुळतात का ते बघा. पुढचे दोन दिवस लॉगमध्ये 'रिजेक्ट' शब्द शोधत राहा. इनबॉक्स शांत वाटला तर खूश होऊ नका.

असो. बाबांना सांगून ठेवलंय, 'ब्लॉक' दिसलं की लगेच फोन करा, इथे मध्यरात्र असली तरी.

कळावे, लोभ असावा.

ता. क. बायकोनं विचारलंय, "जीमेल फुकट आहे ना?" उत्तर अजून दिलेलं नाही.