न्यूझीलंडचे कुरण आणि युरियाची गोणी



मागच्या अंकात गायरानावर युरिया फेकण्याचा सल्ला देताना पत्रलेखकाने न्यूझीलंडचा दाखला दिला आहे. तो अर्धवट आहे. तिथल्या कुरणाचा पाया म्हणजे रायगवत आणि पांढरा क्लोव्हर. क्लोव्हर हरभऱ्यासारखा द्विदल. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून घेतात. जमिनीत कमी होता तो स्फुरद, म्हणून १९४९ पासून तिथे डोंगरउतारांवर विमानातून सुपर फॉस्फेट टाकू लागले. युरियाचा जोर वाढला तो बराच नंतर, १९९० नंतर. शिवाय नत्र जास्त झाला की गवत माजते आणि क्लोव्हर दबतो. म्हणजे फुकटचे मिळणारे घालवून विकतचे घ्यायचे!

पुढची गोष्ट पत्रात नाहीच. खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग गाय मूत्रावाटे टाकते, तोही एकेका जागी इतका की गवताला पेलत नाही. नायट्रेट होऊन तो भूजलात उतरतो. म्हणूनच जुलै २०२१ पासून तिथे कुरणासाठी रासायनिक नत्राची मर्यादा वर्षाला हेक्टरी १९० किलो केली आहे (युरियाच्या हिशेबात सुमारे ४१३ किलो).

पालाशही बेताने हवा. तो जास्त झाला की गाईला मॅग्नेशियम लागू होत नाही आणि नुकतीच व्यालेली गाय झटके येऊन पडते. पत्रलेखकाने गोणी फोडायला सांगितली, माती परीक्षणाचा मात्र उल्लेखही केला नाही. खत टाकल्यावर जनावरे किती दिवस बाहेर ठेवायची, हेही नाही.

– एक दूध उत्पादक, फलटण