निळूभाऊ म्हणजे फक्त वाडा नव्हे!

कुठल्याही कॉलेजच्या गॅदरिंगला जा, मिमिक्रीचा आयटम असला की एक आवाज हमखास ऐकू येतो. मान जरा तिरकी, आवाज खर्जातला आणि वाड्यावरचं ते प्रसिद्ध बोलावणं! ज्यांनी निळू फुले यांचा एकही पिक्चर अख्खा पाहिलेला नाही, तेसुद्धा शिट्ट्या मारतात. मिमिक्री करणाऱ्यांवर माझा राग नाही. पण एवढ्या मोठ्या नटाला आपण कायमचं त्या वाड्यात कोंडून ठेवलंय, हे काही मला पटत नाही.

निळूभाऊ पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते लोकनाट्यात आले. १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ मधला त्यांचा झेलेअण्णा गाजला आणि पडद्यावरची वाट सुरू झाली. मग काय, पाटील, सरपंच, सावकार... रांगच लागली! पब्लिकला तेच हवं होतं, निर्मात्यांनी तेच दिलं.

आता दोन पिक्चर लागोपाठ बघा. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची. ‘सामना’ (१९७५) मध्ये निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील आहेत. साखर कारखाना आणि सगळं गाव मुठीत. पण हा माणूस आरडाओरडा करत नाही, गोड बोलतो आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो, तसतसा हिंदुरावांचा तो रुबाब आतून पोखरत जातो.

‘सिंहासन’ (१९७९) मध्ये तेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे मुंबईचे पत्रकार होतात. मंत्र्यांमध्ये ऊठबस, आतल्या सगळ्या बातम्या माहीत, पण हातात काहीच नाही. शेवटी हा माणूस वेड्यासारखा हसत सुटतो. चार वर्षांत एकच नट आधी सत्ता गाजवतो आणि मग तीच सत्ता जवळून बघून कोलमडतो. दिगूमध्ये पाटील शोधूनही सापडत नाही! रंगभूमीवरचा १९७२ चा ‘सखाराम बाइंडर’ तर आणखीनच निराळा. हिंदीत ‘सारांश’ (१९८४) मधला गजानन चित्रेही बघण्यासारखा.

कोणी म्हणेल, बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, हीच तर अभिनयाची पावती! मान्य. पण पावती एकाच खात्यावर किती वर्षं फाडायची?

आमच्या सातपूरच्या एमआयडीसीत ट्रेनिंगला गेलेल्यांना हा प्रकार नवा नाही. ज्याचा हात एका मशीनवर बसला, त्याला त्याच मशीनवर ठेवतात. प्रॉडक्शनच्या हिशोबाने ते बरोबरच असेल. माणसाच्या हिशोबाने मात्र तरबेज होणं हीच त्याची शिक्षा ठरते. हॉस्टेलवर आपण तरी दुसरं काय करतो? एक टॉपर, एक केटीवाला, एक कॉमेडी करणारा. फर्स्ट इयरला चिकटलेलं लेबल फायनलपर्यंत निघत नाही. टॉपर गाणं म्हणायला उठला तरी आपण हसतो आणि केटीवाल्याने वर्गात चांगली शंका विचारली तरी हसतो.

निळूभाऊंना निदान तेंडुलकर आणि जब्बार पटेल भेटले. पाटलाच्या आत एक दिगू दडलाय हे त्यांनी ओळखलं. शेजारच्या बेंचवरच्या पोरामधला दिगू कोण ओळखणार? ते काम आपलंच आहे ना!

१३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. त्यांचा पुतळा उभारा असं मी म्हणत नाही. एखाद्या शनिवारी सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर मागून घ्या, ‘सिंहासन’ लावा आणि शेवटच्या हसण्यापर्यंत जागचे उठू नका. एवढं केलंत तरी पुरे.