जुना गहू टाकू नका!

खारवट जमिनीत पीक का करपते? मुळांतून शिरलेले सोडियम जलवाहिन्यांवाटे पानांत साचते म्हणून. एका पुरातन गव्हाने यावर उपाय योजला आहे. त्याच्या मुळांत जलवाहिन्यांलगतच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन असते. वर चढणाऱ्या पाण्यातील सोडियम ते पेशींत ओढून घेते, पाने वाचतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी संकराने हा गुण बन्सी गव्हात आणला. खाऱ्या शेतात त्याचे उत्पादन 25 टक्क्यांनी वाढले, असे त्यांनी 2012 साली दाखवले. म्हणून कमी पिकतो एवढ्यावरून जुना वाण मोडीत काढणे मला शहाणपणाचे वाटत नाही. तुमच्या गावी असे बियाणे उरले असेल, तर दरवर्षी मूठभर तरी अवश्य पेरा.